काकांचा जुना स्पेक्ट्रम चालू करायचाय: सुटे आयसी नको, मेलेले बोर्ड शोधा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. माळ्यावर काकांचा डीबी स्पेक्ट्रम प्लस, म्हणजे ऐंशीच्या दशकातला टीव्हीला जोडायचा घरगुती कम्प्युटर, सापडला, चालू केला तर टीव्हीवर नुसत्या उभ्या पट्ट्या येतात, कुणीतरी सांगितलं की रॅम गेलीय. आता ते आयसी (चिप) लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात मिळतील का, आणि न्यू जर्सीतला चुलतभाऊ तिकडच्या व्हिंटेज कम्प्युटरच्या मेळ्याला जाणारे तर त्याला काय आणायला सांगायचं. सगळ्याचं उत्तर देतो, जरा लांबेल, पण अर्धवट सांगण्यात अर्थ नाही कारण या मशीनमध्ये घाई केली की चांगले आयसीही जातात.

पहिली गोष्ट, परत परत चालू करून बघू नका. हा आपल्याकडे डेसिबेल्स कंपनीने सिंक्लेअरच्या लायसन्सवर काढलेला स्पेक्ट्रम प्लस, म्हणजे आतली रचना मूळ ब्रिटिश मशीनचीच. त्यात खालच्या १६ केबी मेमरीसाठी ४११६ नावाचे आठ आयसी असतात आणि त्यांना एक नाही तीन व्होल्टेज लागतात, +५, +१२ आणि −५. हे −५ आणि +१२ बोर्डावरच एका छोट्या कॉइलवाल्या सर्किटमधून तयार होतात, तिथे टीआर४ (झेडटीएक्स६५०) आणि टीआर५ (झेडटीएक्स२१३) असे दोन ट्रान्झिस्टर आहेत. यातला एखादा उडाला आणि −५ गायब झाला पण बाकीचे चालूच राहिले, तर ४११६ तापून मरतात. आणि उलटंही होतं, एखादा ४११६ शॉर्ट झाला की तो टीआर४ ला घेऊन जातो. म्हणून नुसते रॅमचे आयसी बदलून काही होत नाही, नवे टाकले आणि −५ आलाच नाही तर तेही गेले. आधी मोजायचं: ४११६ च्या पिन १ वर −५, पिन ८ वर +१२, पिन ९ वर +५, पिन १६ ग्राउंड. साध्या ७४ सिरीजच्या सोळा पायांच्या आयसीची सवय असलेल्या माणसाला हे उलटं वाटतं, तिथे ८ वर ग्राउंड आणि १६ वर +५ असतं, त्यामुळे दुरुस्तीवाल्याकडे दिलं तरी हे त्याला सांगा.

अ‍ॅडाप्टरचंही सांगून ठेवतो. या मशीनला ९ व्होल्ट डीसी लागतो आणि मधली पिन निगेटिव्ह असते. आपल्याकडे बाजारात मिळणारे बहुतेक अ‍ॅडाप्टर मधे पॉझिटिव्हवाले. उलटा लावला की खेळ खल्लास. लावायच्या आधी मल्टीमीटरने बघा, अ‍ॅडाप्टरवर छापलेल्या चित्रावर विश्वास ठेवू नका.

आता पार्टचं. माझं मत अगदी स्पष्ट आहे आणि बरीच वर्षं जुन्या मशीन दुरुस्त केल्यावर ते जास्तच पक्कं झालंय: चाळीस वर्षं जुना सुटा आयसी दुकानातून घेण्यापेक्षा तो आयसी ज्याच्यावर बसलेला आहे असा मेलेला बोर्ड घ्या. सुट्या आयसीला इतिहास नसतो. तो कुठून आला, कसा काढला, किती तापवला, वरचा नंबर खरा आहे का, काहीच कळत नाही. बोर्डावर बसलेल्या आयसीचा सगळा इतिहास समोर दिसतो, मूळ कारखान्याचं सोल्डर, शेजारच्या आयसीशी जुळणारा डेट कोड (बनल्याची छापलेली तारीख), धूळ सगळीकडे सारखी. दोन्हीकडे किंमत जवळपास तीच पडते, बऱ्याचदा बोर्डच स्वस्त पडतो कारण विकणाऱ्याच्या लेखी तो किलोचा माल असतो.

तुमच्या बाबतीत कुठला बोर्ड? इथे एक चांगली बातमी आहे. ४११६ आपल्या बाजारात आता सहज दिसत नाहीत, पण ४१६४ दिसतात, आणि ४१६४ ला फक्त +५ लागतो, −५ आणि +१२ ची भानगडच नाही. थोडा बदल करून ते ४११६ च्या जागी बसतात: ४१६४ चा पिन ८ आयसी बेसमध्ये (आयसी खोचायच्या सॉकेटमध्ये) जाऊ द्यायचा नाही, वर उचलून घ्यायचा आणि शेजारच्या पिन ९ ला जोडायचा, म्हणजे त्याला १२ ऐवजी ५ मिळतो. पिन १ ४१६४ मध्ये बहुतेक कंपन्यांचा मोकळाच असतो पण तोही वर उचललेला बरा. ४१२५६ वापरणार असाल तर पिन १ उचलायलाच हवा, कारण तिथे अ‍ॅड्रेस लाइन आहे आणि बोर्डावर तिथे −५ येतो. आणि हे ४१६४, ४१२५६ मिळतात कुठे तर जुन्या पीसी एक्सटीच्या क्लोन मदरबोर्डवर. त्या बोर्डावर मेमरीच्या ओळी नऊ-नऊच्या असतात, आठ डेटाचे आणि एक पॅरिटीचा (चूक तपासण्यासाठी). म्हणजे एका ओळीत तुमचे आठ निघतात आणि वर एक स्पेअर. शिवाय बऱ्याच बोर्डांवर ते बेसमध्ये बसवलेले असतात, सोल्डर काढायचीही गरज नाही, स्क्रूड्रायव्हरने दोन्ही टोकांनी थोडं थोडं उचलत काढायचे. मेमरीशेजारचे ७४एलएस१५७ वगैरे आयसीही काढून ठेवा, कधी ना कधी लागतात.

तर जुन्या बाजारात गेलात की "४११६ आहे का" असं विचारू नका, कुणालाही कळणार नाही. ढिगातले मोठे हिरवे किंवा तपकिरी बोर्ड बघा, ज्यावर सारखे दिसणारे छोटे सोळा पायांचे आयसी ओळीने कवायतीला उभे असल्यासारखे दिसतात. पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवार आणि रविवारचा, सकाळी लवकर जा, दहा-अकरानंतर चांगला माल उचललेला असतो. बुधवार पेठेत तापकीर गल्लीत नवे पार्ट, आयसी बेस, सोल्डर, वायर सगळं मिळेल, पण तिथे जुनं शोधत बसू नका. मुंबईत लॅमिंग्टन रोड, म्हणजे पाटीवरचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, ग्रँट रोड स्टेशनवरून चालत. रविवारी बंद असतो, शनिवारी दुपारी तुफान गर्दी, तेव्हा मधल्या वारी जा. मुख्य रस्त्यावरची दुकानं आता लॅपटॉप, सीसीटीव्ही, आर्डुइनोची, पण वरच्या मजल्यांवर आणि आतल्या गाळ्यांत अजून जुने स्टॉकवाले आहेत जे डबे उघडून दाखवतात. तिथे हातात कागदावर नंबर लिहून न्या, चालणारे पर्यायी नंबरही लिहा, तोंडी सांगितलेला नंबर गर्दीत चुकतो. आणि चोर बाजार, मटण स्ट्रीटची दुकानं शुक्रवारी बंद असतात पण त्याच दिवशी सकाळी रस्त्यावर पथारीवाल्यांचा बाजार भरतो, जुना इलेक्ट्रॉनिक माल तिथे जास्त.

कामानिमित्त बाहेर जात असाल तर चेन्नईची रिची स्ट्रीट, बेंगळुरूचा एसपी रोड, दिल्लीत लाल किल्ल्यासमोरचं लाजपतराय मार्केट, तिन्ही ठिकाणी अर्धा दिवस काढण्यासारखं आहे.

पण खरा खजिना मला विचाराल तर बाजारात नाही, कॉलेजांत आहे. आपल्या प्रत्येक पॉलिटेक्निकमध्ये आणि इंजिनीअरिंग कॉलेजमध्ये मायक्रोप्रोसेसर लॅब होती, ८०८५ चे ट्रेनर किट असायचे, त्यात ८२५५, ८२५३, ८२७९, ६२६४ रॅम, २७ सिरीजचे ईप्रॉम (प्रोग्रॅम साठवणारे, यूव्ही प्रकाशाने पुसता येणारे आयसी), सगळं बेसमध्ये बसवलेलं, जपून वापरलेलं, वर्षातून थोडे दिवसच चालू झालेलं. अभ्यासक्रम बदलला की हे किट डेडस्टॉक रजिस्टरवर पडून राहतात आणि मग निर्लेखन होऊन एकदम भंगारात जातात. ओळखीचे सर असतील तर आधीच बोलून ठेवा. मात्र सरकारी संस्था असेल तर ते तुम्हाला हातात उचलून देऊ शकत नाहीत, लिलाव होतो, आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नव्या नियमांमुळे मोठ्या संस्थांना तो माल नोंदणीकृत उत्पादक, नुतनीकरण करणारे किंवा रिसायकलर यांच्याकडेच द्यावा लागतो. नियम योग्यच आहे, बोर्ड उघड्यावर जाळून आणि अ‍ॅसिडमध्ये बुडवून धातू काढण्याने मुरादाबादसारख्या ठिकाणी माणसांचं आणि नदीचं काय झालंय ते सगळ्यांना माहीत आहे. फक्त त्यामुळे आपल्यासारख्यांना आता रिसायकलरशीच ओळख करावी लागते. काही रिसायकलर नुतनीकरणाची नोंदणी असलेले असतात, ते चांगल्या अवस्थेतली मशीन बाजूला काढून विकतात, त्यांना जाऊन भेटा.

आणि एक समजून घ्या, भंगारवाला आपला प्रतिस्पर्धी नाही, खरा प्रतिस्पर्धी सोनं आहे. सिरॅमिकचे, वर सोनेरी पत्रा असलेले प्रोसेसर आणि ईप्रॉम सगळ्यात आधी जातात कारण ते सोन्यासाठी विकले जातात. भंगारवाल्याला आयसीचं वय, नंबर, काही माहीत नसतं आणि माहीत असायची गरजही नाही. त्याला फोटो दाखवा, तुमचा नंबर द्या आणि सांगा की असा जाड कीबोर्ड दिसला, ज्याच्या मागच्या बाजूला टीव्हीचं आणि कॅसेटचं सॉकेट आहे, तर तो फोडू नका, मला फोन करा, किलोच्या भावापेक्षा जास्त देतो. स्पेक्ट्रम, कमोडोर, बीबीसी मायक्रो ही मशीन त्यांना नुसती कीबोर्डच वाटतात आणि तशीच फुटून जातात. शाळांसाठी १९८४ च्या सुमारास जो क्लास प्रकल्प झाला त्यातल्या बीबीसी मायक्रो तर किती शाळांच्या स्टोअररूममधून अशा गेल्या असतील. पुणेकरांसाठी अजून एक, कुठल्या बोर्डावर इनमॉस आणि टी८०० असं लिहिलेला आयसी दिसला तर तो ट्रान्सप्युटर आहे, सी-डॅकचा १९९१ चा महासंगणक परम ८००० याच आयसींवर चालायचा. असा बोर्ड किलोवर जाऊ देऊ नका, घ्या आणि एखाद्या संग्रहाला द्या.

आता नकली मालाचं, कारण सुटा आयसी घ्यायची वेळ कधीतरी येतेच. तुमच्या मशीनमधला यूएलए (सिंक्लेअरने या मशीनसाठीच बनवून घेतलेला खास आयसी) वगळला तर बाकी गोष्टी मिळतात, त्यात झेड८० चं, म्हणजे मशीनच्या प्रोसेसरचं, विशेष सांगायला हवं. झायलॉगने एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केलं की जुन्या सुट्या झेड८० चं उत्पादन बंद, शेवटच्या ऑर्डर १४ जून २०२४ पर्यंत. १९७६ पासून बनत आलेला आयसी. तेव्हापासून त्याच्या नावाने नवीन शिक्का मारलेला माल वाढणार हे धरूनच चाला. बघायचं कसं? वरचा पृष्ठभाग भिंगातून बघा, खरा साचा असेल तर पिन १ जवळचा खड्डा गुळगुळीत आणि खोल असतो, पॉलिश करून पुन्हा काळा रंग मारलेला असेल तर खड्डा अर्धा बुजलेला दिसतो आणि वरचा पोत खालच्यापेक्षा वेगळा असतो. कापसावर थोडं अ‍ॅसिटोन घेऊन घासा, काळं निघालं तर रंगवलेलं आहे. अर्थात न निघालं म्हणून खरं असं नाही, हल्ली रंगही चांगले येतात. डेट कोड वाचा, ८४३२ म्हणजे १९८४ चा ३२ वा आठवडा. एकाच डेट कोडचे दहा आयसी आहेत पण खालच्या बाजूला साच्याच्या खुणा वेगवेगळ्या, तर तो लॉट जमवलेला आहे. पाय अगदी चकचकीत असतील आणि आयसी चाळीस वर्षं जुना म्हणतायत तर पायांवर नवीन टिन चढवलंय.

झेड८० साठी घरी करायची एक परीक्षा फार छान आहे. मूळ एनमॉस झेड८० आणि नंतरचा सीमॉस (चिप बनवायची जुनी आणि नवी पद्धत) यांच्यातला फरक दाखवणारी एक न लिहिलेली सूचना आहे, ईडी ७१, म्हणजे सी रजिस्टरमधल्या पोर्टवर शून्य पाठवणं. एनमॉस खरंच शून्य पाठवतो, सीमॉस २५५ पाठवतो. त्यामुळे वर जुना एनमॉसचा नंबर आणि आत सीमॉस असेल तर दोन ओळींच्या प्रोग्रॅममध्ये पकडला जातो. तुमच्या स्पेक्ट्रममध्ये सीमॉस टाकला तरी मशीन चालेल, म्हणून त्यासाठी दुकानदाराशी भांडत बसायचं कारण नाही, पण दुकान कसं आहे हे कळतं आणि पुढच्या वेळी उपयोगी पडतं.

घेतलेला आयसी घरी कसा आणता हेही महत्त्वाचं. आपल्याकडे दुकानदार सरळ थर्मोकोलमध्ये खोचून किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत देतात, मॉस आयसीसाठी याहून वाईट काही नाही, स्टॅटिकने आतून मरतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. घरून काळा कंडक्टिव्ह फोम न्या, नसेल तर स्वयंपाकघरातला अ‍ॅल्युमिनियम फॉइल न्या आणि पाय त्यात गुंडाळा. सोबत मल्टीमीटर, भिंग, टॉर्च आणि सुटे पैसे. हातमोजेसुद्धा, भंगारातल्या बोर्डांच्या कडा कापतात आणि जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या गळलेल्या असतात. ती हिरवट-निळी पावडर दिसली तर तो बोर्ड वेगळ्या पिशवीत ठेवा, गळलेलं अल्कली असतं, घरी व्हिनेगरने पुसून मग पाण्याने आणि शेवटी आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) धुवायचं.

काढताना एकच नियम: तुमच्या मशीनमधून मेलेला आयसी काढताना बोर्ड वाचवायचा, आयसी गेला तरी चालेल, म्हणून कटरने त्याचे पाय कापा आणि एकेक पाय गरम करून ओढा, स्पेक्ट्रमच्या बोर्डाचे ट्रॅक पटकन उखडतात. भंगारातल्या बोर्डावरून काढताना उलट, आयसी वाचवायचा, बोर्ड गेला तरी चालेल, तिथे मागून हॉट एअर मारा किंवा प्रत्येक पायावर ताजं ६०/४० सोल्डर लावून मग सकरने (सोल्डर ओढायच्या पंपाने) ओढा. जुन्या कोरड्या सोल्डरवर सकर चालत नाही, नवीन सोल्डर मिसळलं की पटकन निघतं. आणि मशीनमध्ये कधीही थेट सोल्डर करू नका, आयसी बेस टाका, चांगल्या दर्जाचा गोल पिनांचा, पाच-दहा रुपये वाचवू नका.

ईप्रॉमवाले बोर्ड मिळाले तर अजून एक विनंती. खिडकीवरचा कागद काढून लगेच यूव्हीखाली ठेवू नका. आधी प्रोग्रॅमरमध्ये वाचून फाइल साठवा, कागदावर जे हाताने लिहिलंय त्याचा फोटो काढा. आपल्याकडच्या कंपन्यांनी ऐंशी आणि नव्वदच्या दशकात वजनकाटे, टेलिफोन एक्स्चेंज, एसटीडी पीसीओची बिलिंग मशीन, लेथचे कंट्रोलर यासाठी किती प्रोग्रॅम लिहिले, त्यातलं फार थोडं कुठे जपलंय. एकदा पुसलं की गेलं. अशा मशीनचे बोर्ड फोडताना मला स्वतःला हे फार लागतं म्हणून सांगतोय.

आता चुलतभावाचं. न्यू जर्सीत असेल तर तो बहुधा व्हिंटेज कम्प्युटर फेस्टिव्हल ईस्टला जाणार, वॉल गावात इन्फोएज नावाच्या विज्ञान-इतिहास केंद्रात तो भरतो, वसंत ऋतूत. हा फेस्टिव्हल मुळात १९९७ मध्ये सेलम इस्माइल यांनी कॅलिफोर्नियात सुरू केला, आता पश्चिमेला, शिकागोकडे, आणि युरोपात म्युनिकलाही होतो. भावाला एक आधीच सांगा, अमेरिकेत स्पेक्ट्रम विकलाच गेला नाही, तिकडे टाइमेक्स सिंक्लेअर २०६८ आला आणि त्याचा बोर्ड वेगळा आहे. त्यामुळे यूएलए, कीबोर्डची मेम्ब्रेन, केसचे तुकडे तिथे शोधण्यात दिवस घालवू नये. मेम्ब्रेन ब्रिटनमध्ये नव्या बनतात, तुमची तीस-चाळीस वर्षांची मेम्ब्रेन तडकलेली असणारच, ती तिकडूनच मागवा. यूएलए गेला असेल तर त्याच्या जागी बसणारे नवे छोटे बोर्डही तिकडचे छंदी लोक बनवतात.

पण ४११६ साठी अमेरिकेसारखी जागा नाही. अ‍ॅपल टू मध्ये ४८ केबीसाठी तेच चोवीस आयसी, टीआरएस-८० मध्ये तेच, पहिल्या आयबीएम पीसीच्या बोर्डावर तेच. म्हणजे तिकडच्या टेबलांवर नळीत भरलेले, बऱ्याचदा तपासलेले ४११६ मिळतात. भावाला सांगा बारा घे, आठ लागतील आणि चार हाताशी राहतील, आणि विकणाऱ्याला विचार की हे कशातून काढले आणि तपासले का. तिथले विक्रेते बहुधा स्वतः मशीन बाळगणारे असतात, सरळ उत्तर देतात, "तपासलं नाही" असंही सांगतात. मूळ आयसीच ठेवायचे असतील, काकांचं मशीन जसं होतं तसं हवं असेल, तर हा रस्ता, नाहीतर वर सांगितलेले ४१६४. मी तुमच्या जागी असतो तर आधी ४१६४ टाकून मशीन उठवलं असतं, कारण त्यात −५ वर काही अवलंबून राहत नाही, आणि मूळ आयसी आले की सावकाश बेसमध्ये बदलले असते.

भावाला खरेदीपेक्षाही एका गोष्टीसाठी थांबायला सांगा, तिथे प्रदर्शनातल्या मशीनच्या मागे त्या मशीनचे मालक बसलेले असतात आणि हात लावू देतात, विचारू देतात. तुमच्या स्क्रीनचा फोटो त्याच्या फोनमध्ये पाठवून ठेवा. सिंक्लेअरवाला कुणी असला तर पट्ट्या बघून तो सांगेल पुढे काय मोजायचं. तसाच अमेरिकेतल्या केंब्रिजच्या एमआयटीचा फ्ली मार्केट (जुन्या मालाचा बाजार), एप्रिल ते ऑक्टोबर दर महिन्याच्या तिसऱ्या रविवारी, आणि मे महिन्यातलं ओहायोचं हॅमव्हेन्शन (हौशी रेडिओवाल्यांचा मेळा), जे २०१७ पासून झीनियाला भरतं, हे दोन्ही सुट्या पार्टसाठी कम्प्युटर मेळ्यांपेक्षाही चांगले, कारण रेडिओवाली मंडळी काही फेकत नाहीत. आपल्याकडेही हॅमफेस्ट इंडिया दरवर्षी वेगळ्या शहरात होतो, जवळ आला तर नक्की जा, लायसन्स नसलं तरी.

एवढं सगळं घ्यायच्या आधी मात्र मशीन उघडून वर दिलेल्या चार पिनांवरचे व्होल्टेज मोजा, फार तर काही सेकंद चालू ठेवून, आणि चालू असताना कुठल्या आयसीला बोट लावल्यावर चटका बसतो ते बघा. −५ नसेल तर आधी टीआर४, टीआर५ आणि कॉइल बघायची, त्यात टीआर४ साठी झेडटीएक्स६५१ चालतो, टीआर५ च्या जागी दुसरा पीएनपी टाकणार असाल तर पायांचा क्रम डेटाशीटवरून जुळवून घ्या कारण तो वेगळा असू शकतो. तिन्ही व्होल्टेज बरोबर असतील तर मगच रॅमकडे वळायचं. आकडे आणि बोर्डाचा दोन्ही बाजूंचा फोटो इथेच टाका, बोर्डाचा इश्यू नंबर (आवृत्तीचा क्रमांक) दिसेल असा, मग कुठला आयसी आधी काढायचा ते सांगतो.